अर्ध्या हळकुंडानं

वसमतच्या मोंढ्यामागं हळदीचं एक गोदाम आहे,
तीन वर्षांपासून रिकामं.
भिंतींना दोनदा चुना मारला,
तरी दुपारचं ऊन आत आलं की पिवळ्याच होतात.
तिथं मुजीब आणि सत्त्वशीला फोटो काढतात.
मी थर्माकोल धरतो.

दोघांत कॅमेरा एक. बटण कोण दाबतं
ते मला अजून कळलेलं नाही.
डोक्याला डोकं टेकलेलं असतं
आणि टिक् होतं.
चहावाला विचारतो, तुमचं नातं काय?
सत्त्वशीला म्हणते, फोटोचं.
गावाला तेवढ्यानं भागत नाही.
गाव म्हणतं, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली दोघं.

पॉलिशच्या ड्रममध्ये लिंबाजीला बसवलं होतं.
बावीस वर्षं तोच ड्रम त्यानं बाहेरून फिरवला.
चेहरा निळा, मोरचुदासारखा,
दहा बोटांना दहा हळकुंडं बांधलेली
आणि मांडीवर जिवंत बदक.
बदक कुठून आणलं ते विचारू नका.
मुजीब म्हणाला, हसू नका, राजे हसत नसतात.
त्यावर लिंबाजी हसला,
आणि नेमका तोच फोटो सत्त्वशीलेनं पुसून टाकला.

टँकरवाल्या गौसभाईंना निळ्या पाइपचा फेटा,
साठ फुटांचा, शेमला दाराबाहेर गेलेला.
मागं साड्या जोडून केलेलं गुलाबी आभाळ;
एका साडीच्या काठाला अजून आहेराची चिठ्ठी टाचलेली.
गौसभाईंना एकच धास्ती :
पाइपातून पाणी आलं तर?
आलं नाही.
एप्रिल होता.

मग अनसूया सिस्टर आल्या, खांद्याला लसीचा डबा.
त्यांच्यासाठी मुजीबनं सगळं हिरवं करून ठेवलेलं :
टेबल, छत्री, कोंबडी,
डब्यातून निघणारा धूरसुद्धा.
त्या उंबऱ्यातच थांबल्या.
म्हणाल्या, अकरा वर्षं झाली, हिरव्याला शिवले नाही.
मुजीबला कळलं नाही.
सत्त्वशीलेला कळलं. तिनं ब्रश गुपचूप पाण्यात बुडवला.

तेव्हा सिस्टरनी बाह्या वर सारल्या.
कोपरापर्यंत रंगवा, म्हणाल्या.
अख्ख्या गावाचे दंड टोचलेत या हातांनी.
हात माझे आहेत.

रंग वाळेपर्यंत कुणी बोललं नाही.
कोंबडी तेवढी बोलत होती.

प्रत्येक फोटोच्या काठावर माझी चार बोटं येतात.
सत्त्वशीला कापते. मुजीब राहू देतो.
यावरून एकदा असं वाजलं दोघांचं
की दोन दिवस गोदामाला कुलूप.
तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, तू बस.

म्हटलं, डोक्यावर काय ठेवणार माझ्या?
दोघं बराच वेळ पाहत राहिले.
बैलाची शिंगं आणली, उतरवली.
पितळी घंगाळ, पतंग, कागदाचा चंद्र,
एक शिवणयंत्रही आणलं, ते जड होतं.
शेवटी मीच माझा थर्माकोल मागून घेतला.
मोकळ्या हातांचं काय करायचं असतं
ते मला माहीत नव्हतं.

मग उजेड कोण धरणार?
गौसभाई टँकर रस्त्यात उभा करून आले,
आज फेटा नाही, हाताला डिझेलचा वास.
हळद शिजवायच्या कढईचं झाकण उचललं
आणि धरलं वाकडं. फारच वाकडं.
एक गाल भिंतीचा झाला,
एक माझाच राहिला.

टिक् झालं. या वेळी मी समोर होतो,
तरी बटण कोणी दाबलं ते दिसलं नाही.

तो फोटो आता मोंढ्यात टांगलाय, वजनकाट्याच्या वर.
बोटं आठही आहेत, अंगठ्यांसकट दहा.
आई पाहायला आली, मान तिरकी करून म्हणाली,
अर्धाच पिवळा कामून केला रे तुला?
म्हटलं, तेवढाच उजेड होता.

तिनं पदराला थुंकी लावून
काच पुसून पाहिली.